कुटचा वेढा फुटला असता तर

इतिहासात जर-तरला अर्थ नाही, असं म्हणतात. म्हणणारे बहुतेक सुखरूप घरी परतलेल्यांतले. मित्रांनो, आपण विचारू. पण सेनापतीच्या नाही, खेचरवाल्याच्या बाजूनं.

पहिलं महायुद्ध. इराकात तैग्रिस नदीच्या वळणावरचं कुट-अल-अमारा. ७ डिसेंबर १९१५ ला तुर्कांनी जनरल टाउनशेंडची फौज तिथं कोंडली. आत १०३, ११० आणि ११७ नंबरच्या मराठा पलटणी. आपली भरती सरकारनं १८९२ सालीच बंद केलेली, म्हणून बंदुकीच्या यादीत आपण नाही.

सुटकेसाठी दुसरी फौज निघाली. ८ मार्च १९१६ ची पहाट. रातभर चालून शिपाई दुजैलाच्या मोर्चापाशी पोचले. मोर्चा जवळजवळ रिकामा! पण ठरलेलं होतं, आधी तोफा डागायच्या, मग चढाई. साहेबलोक थांबले. तास गेले. तुर्क येऊन खंदकात भरले. हल्ला फसला.

त्या पहाटे शिपाई सरळ आत घुसले असते तर? माझ्या मते वेढा फुटला असता.

मग सरकारचं काय बदललं असतं? थोडी अब्रू वाचली असती, बस. १९१७ च्या फेब्रुवारीत इंग्रजांनी कुट परत घेतलंच, ११ मार्चला बगदादही घेतलं. नकाशा तोच राहिला असता.

माणसांचं मात्र सगळं बदललं असतं. एप्रिलमधली सन्नैयतची कत्तल टळली असती. सुटकेच्या सगळ्या लढायांत मिळून मेले-जखमी झाले सुमारे २३ हजार. आणि २९ एप्रिलला शरण गेले ते १३ हजार कैदी झाले नसते. टाउनशेंड इस्तंबूलजवळच्या बेटावर आरामात राहिला. शिपायांना उन्हातान्हात, उपाशीपोटी वाळवंटातून हाकलत नेलं, रेल्वेच्या कामाला जुंपलं. हजारो मेले.

त्या १३ हजारांत सव्वातीन हजारांच्या आसपास 'फॉलोअर्स' होते. भिस्ती, झाडूवाले, डोलीवाले, खेचरवाले. मी गिरणीतला माणूस, मला हे लगेच कळतं. कायमवाल्याचं नाव मस्टरवर, बदलीवाला दारात उभा. लढाईच्या मस्टरवर हे बदलीवाले. पाणी यांनी वाहिलं, घाण यांनी काढली, गोळी यांनाही लागली. पुस्तकात मात्र नावाच्या जागी नुसता आकडा.

म्हणून पुढं कुणी विद्वान लढायांचे जर-तर मांडायला लागला, तर त्याला एवढंच विचारा : जर कुणाचा, आणि तर कुणाचा?