परम ते सिद्धी : वाटून घेतलेले काम

पंधरा डब्यांची लोकल विरारला क्षणात रिकामी होते आणि सगळे पुलाच्या जिन्यावर अडतात. समांतर संगणनाचा इतिहास वाचताना मला हा जिना हमखास आठवतो. जीन अ‍ॅमडाल यांनी १९६७ साली हेच मांडले होते : कामाचा जो भाग वाटता येत नाही, तोच एकूण वेगाला मर्यादा घालतो.

आपल्याकडे हा प्रश्न पुण्याने अंगावर घेतला. अमेरिकेचा क्रे महासंगणक हवा तसा मिळेना, तेव्हा १९८८ साली सी-डॅक स्थापन झाली. विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१मध्ये परम ८००० उभा राहिला. त्यात एकच बलाढ्य प्रोसेसर नव्हता. ट्रान्सप्युटर नावाचे ६४ छोटे प्रोसेसर एकमेकांना जोडलेले होते. ते मात्र ब्रिटनच्या इन्मॉस कंपनीचे. आपल्या अभिमानकथांतून हे वाक्य सहसा गळते. स्वदेशी होती ती जोडणी, आणि काम वाटून देणारे सॉफ्टवेअर. माझ्या मते खरे कर्तृत्व तेच.

चित्रे ओळखायला शिकणाऱ्या यंत्रांना पुढे हीच वाटणी फळली. टोरांटोतल्या अ‍ॅलेक्सनेटने २०१२ साली सुमारे १२ लाख चित्रांवरचे शिक्षण दोन ग्राफिक्स कार्डांवर पाच-सहा दिवसांत उरकले. चित्राच्या प्रत्येक तुकड्यावर तेच गणित करायचे असल्याने काम सहज वाटता येते. शिवाय दोन्ही कार्डे ठरावीक थरांतच एकमेकांशी बोलत. म्हणजे जिन्यावर कमीत कमी वेळा जायचे.

सी-डॅकचा परम सिद्धी-एआय नोव्हेंबर २०२०मध्ये जगात ६३वा ठरला. त्याच्या पोटातले ग्राफिक्स प्रोसेसर एनव्हिडियाचे आहेत.