गाण्याच्या तबकड्या व त्यांच्या खरेदीची नोंद

शार्ङ्गदेवाचा संगीतरत्नाकर हा ग्रंथ यादवराज सिंघणाच्या आश्रयानें तेराव्या शतकांत देवगिरीस सिद्ध झाला, हें वाचकांस विदित आहेच. ग्रंथाचे अध्याय सात असून त्यावर सिंहभूपाल व कल्लिनाथ यांच्यासारख्या अधिकारी पुरुषांच्या टीका आहेत. स्वर, राग, प्रबंध व ताल यांचीं लक्षणें त्यांत सांगितलीं आहेत; गायकाचे गुणदोषहि एकेक करून मोजले आहेत. परंतु एवढें असूनहि देवगिरीच्या सभेंत एखादा प्रबंध प्रत्यक्ष कसा ऐकूं येत असे, हें आज कोणासहि छातीठोकपणें सांगतां येणार नाहीं. लक्षण राहिलें, लक्ष्य गेलें.

विसाव्या शतकांतील गाण्याची गत मात्र अशी झाली नाहीं. नोव्हेंबर १९०२ मध्यें ग्रामोफोन कंपनीचा तज्ज्ञ फ्रेड गायस्बर्ग यानें कलकत्त्यास गोहरजान प्रभृतींचें गाणें मुद्रित केलें, आणि तेव्हांपासून ह्या देशांत लक्षणाबरोबर लक्ष्यहि जतन होऊं लागलें. तथापि ज्या लाखेच्या तबकड्यांवर तें आहे, त्या बहुतेक खासगी हौशी मंडळींच्या घरीं आहेत. ही मंडळी एकत्र जमली म्हणजे एकमेकांस आपली नवी खरेदी दाखवितात व तिची चर्चा करितात. ह्या चर्चेस इतिहाससाधनाच्या दृष्टीनें काय मोल आहे, आणि ती नुसती तोंडीं राहूं देणें कां इष्ट नाहीं, एवढेंच प्रस्तुत लेखांत दाखवावयाचें आहे.

आमचें वास्तव्य पूर्णेच्या कांठीं सिद्धेश्वर येथें असतें. औंढ्या नागनाथाच्या दर्शनास येणारे आमचे संग्राहक स्नेही परततांना आमच्याकडे उतरतात, आणि ज्याच्या पेटींत जें नवें असेल तें ओसरीवर मांडलें जातें. कोणीं मुंबईच्या चोरबाजारांत मिळविलेलें, कोणीं हैदराबादेच्या जुन्या बाजारांत. चावीचें यंत्र आमचें, सुया पाहुण्यांच्या, असा शिरस्ता आहे.

गेल्या महाशिवरात्रीस एका स्नेह्यांनीं दहा इंची एक तबकडी आणली. तिच्या मधल्या कागदावरील गायकाचें नांव खरवडून गेलेलें. हैदराबादेच्या कोण्या दुकानाचा अर्धा शिक्का तेवढा शिल्लक. एकानें ऐकून निर्णय दिला कीं हा आवाज अब्दुल करीमखांचाच. दुसऱ्यानें तितक्याच निश्चयानें सांगितलें कीं नव्हे, हा त्यांच्या शिष्यवर्गापैकीं कोणीतरी. दिवे लागेतों वाद चालला. अखेर मंडळींतील सर्वांत लहान गृहस्थानें तबकडी उजेडाशीं तिरपी धरून, कागद व रेघा यांच्यामधील कोऱ्या कड्यांत कोरलेला सांचाचा आंकडा वाचला आणि आपली वही उघडली. दोन वर्षांपूर्वीं त्यानें घेतलेल्या, कागद शाबूत असलेल्या एका तबकडीपुढें तोच आंकडा लिहिलेला होता. नांव निघालें तें दोघांच्याहि तर्काबाहेरचें. दोन्ही प्रती समोरासमोर ताडून पाहिल्यावर त्याविषयीं स्वतंत्रपणें लिहिण्याचा आमचा मानस आहे. येथें सांगावयाचें तें इतकेंच कीं, वादाचा निकाल कानानें लागला नाहीं, वहीनें लागला.

हस्तलिखितें हाताळणाऱ्यांस ह्यांत नवल वाटूं नये. पोथीच्या अखेरीस लेखकाचें नांव, स्थळ व शक देणारी पुष्पिका असते. आरंभींच्या तबकड्यांसहि अशी पुष्पिका आढळते. गोहरजान आपलें गाणें संपतांच आपलें नांव इंग्रजींत उच्चारते, हें सर्वश्रुत आहे. कलकत्त्यास सियालदा येथें १९०८ मध्यें कारखाना निघेपर्यंत हिंदी गाण्याच्या तबकड्या जर्मनींत हानोव्हर येथें तयार होत. तेथील कारागिरांस गाणारा कोण हें कळावें म्हणून ही घोषणा करवीत, असें सांगतात. कोरलेला आंकडा ही दुसरी पुष्पिका होय, आणि तीच अधिक विश्वासार्ह. कागदावर छापलेलें रागाचें नांव चुकीचें असल्याचीं उदाहरणें संग्राहकांच्या परिचयाचीं आहेत. जुन्या सांचावरून पुढें काढलेल्या प्रतींवर कागदाचा रंग व विक्रीचा क्रमांक बदललेला असतो. परंतु सांच्याचा आंकडा मूळ मुद्रणाकडे बोट दाखवितो.

पाठांतराची गोष्टहि तशीच. भैरवींतील 'जमुना के तीर' ही ठुमरी हद्दूखांचे चिरंजीव रहिमतखां यांच्या तबकडीवर आहे, आणि अब्दुल करीमखांच्या तबकडीवरहि आहे. पहिले १९२२ त वारले, दुसरे १९३७ त. ह्या दोन तबकड्या लागोपाठ ऐकल्या असतां एका चिजेचे दोन पाठ ऐकल्याचा प्रत्यय येतो, आणि कोणीं कोणापासून काय उचललें ह्या प्रश्नास पुराव्याचा आधार मिळतो. असा आधार पूर्वीं कोणत्याहि संगीतग्रंथानें दिला नव्हता.

मात्र हें साधन विवेकानें वापरलें पाहिजे, आणि येथें आमचा स्वतःचा प्रमाद कबूल करणें प्राप्त आहे. आम्हीं आमच्या टिपणांत एका गायकाचा षड्ज प्रत्यक्षाहून एका अर्धस्वरानें चढा नोंदविला होता, आणि त्यावरून त्याच्या तरुणपणाविषयीं एक अनुमानहि बांधलें होतें. तबकडी मिनिटास ७८ फेरे घेते, असें आम्ही धरून चाललों. परंतु आरंभींच्या सर्वच तबकड्या त्या वेगानें मुद्रित झालेल्या नाहींत. जी तबकडी सुमारें साडेत्र्याहत्तर फेऱ्यांनीं मुद्रित झाली ती ७८ फेऱ्यांनीं वाजविली कीं आवाज अर्ध्या स्वरानें चढतो. हा दोष एका तरुण संग्राहकानें आमच्या ओसरीवर बसून दाखविला. अनुमान आम्हीं मागें घेतलें. वहींत वेगाचा रकाना नसता तर तें कदाचित् छापलेंहि गेलें असतें.

शिवाय दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारें तीन मिनिटें गाणें मावतें. तासभराचा ख्याल तेवढ्यांत बसविणें म्हणजे बखर एका पानांत लिहिणें होय. १९२५ त विजेच्या मुद्रणाचा शोध लागण्यापूर्वीं तर गवयास कर्ण्यांत तोंड घालूनच गावें लागे. म्हणून तबकडी हा मैफलीचा सारांश समजावा, मैफल समजूं नये. पण जेथें मूळच नाहीं तेथें सारांशाचें मोल वाढतें. भास्करबुवा बखले १९२२ त निवर्तले, अल्लादियाखां १९४६ त. ह्या दोघांचीहि तबकडी उपलब्ध नाहीं. लुप्त ग्रंथाचीं वचनें जशीं टीकाकारांच्या उद्धरणांतून वेंचावीं लागतात, तसें अल्लादियाखांचें गाणें केसरबाई केरकरांच्या तबकड्यांतून, आणि भास्करबुवांचें मास्तर कृष्णराव व बालगंधर्व यांच्या तबकड्यांतून शोधावें लागतें. तेव्हां शिष्याची प्रत्येक तबकडी गुरूविषयींचाहि पुरावा ठरते.

आतां मूळ मुद्द्याकडे वळूं. संग्राहक आपली खरेदी सांगतात तेव्हां किंमत सांगतात, दुर्मिळपणा सांगतात. परंतु ती कोठून मिळाली हें बहुधा सांगत नाहींत. विक्रेता दुसऱ्यास कळूं नये, ही त्यांतील भीति आम्ही समजूं शकतों. पण परिणाम काय होतो पहा. उपर्युक्त शिक्क्यावरून ती तबकडी हैदराबादेंत विकली गेली एवढें कळलें. आमचा हा प्रदेश सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता. तेव्हां येथल्या कोणत्या गांवांत, कोणत्या प्रकारच्या घरांत, कोणाचें गाणें ऐकलें जात होतें, हें सांगणारा तो एक धागा होता. खरेदी करणाऱ्यानें विक्रेत्यास विचारलें नाहीं, विक्रेत्यानें सांगितलें नाहीं, धागा तुटला. वि. का. राजवाडे यांस ज्ञानेश्वरीची जुनी प्रत बीडनजीक पाटांगण येथें मिळाली व ती त्यांनीं १९०९ त प्रसिद्ध केली. त्यांनीं ती आपल्या पेटींत ठेविली असती व स्थळ लपविलें असतें, तर अभ्यासकांस तिचा काय उपयोग झाला असता?

मुंबईस १९९० त सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था स्थापन झाली आणि 'द रेकॉर्ड न्यूज' ह्या तिच्या नियतकालिकानें संग्राहकांची माहिती छापून जगापुढें ठेविली. मायकेल किनिअर यांनीं ग्रामोफोन कंपनीच्या १८९९ ते १९०८ या काळांतील हिंदी मुद्रणांची सूचि १९९४ मध्यें प्रसिद्ध केली. अशा सूचींमुळेंच कोरलेल्या आंकड्यावरून काळ ठरविणें शक्य झालें आहे. परंतु सूचींत नांव असणें निराळें व तबकडी हातीं असणें निराळें.

म्हणून आमची सूचना अशी कीं, प्रत्येक खरेदीची नोंद त्याच दिवशीं करावी. तींत गायकाचें नांव, छापलेला राग व ऐकूं आलेला राग, कंपनी, कागदाचा रंग, विक्रीचा क्रमांक, सांच्याचा आंकडा, दुकानाचा शिक्का, कोठून व कधीं मिळाली, पूर्वीं कोणाच्या घरीं होती, तडा वा चरा असल्यास तो, आणि वेग, इतकें असावें. नोंदीची एक नक्कल दुसऱ्या संग्राहकाकडे असावी. किंमत लिहिली नाहीं तरी चालेल.

हा आग्रह कशासाठीं, तें सांगून लेख संपवितों. आमच्या एका वृद्ध स्नेह्यांनीं चाळीस वर्षें तबकड्या जमविल्या. त्यांच्या निधनानंतर माळ्यावरच्या पेट्या भंगारांत वजनावर गेल्या. ओझ्यानें बहुतेक वाटेंतच फुटल्या. घरच्यांस दोष देण्यांत अर्थ नाहीं. त्यांस कोणीं कांहीं सांगितलेंच नव्हतें. आमच्या मनास जें लागून राहिलें आहे तें निराळें. त्यांनीं वही ठेविली नव्हती. त्यामुळें काय गेलें हेंहि आतां सांगतां येत नाहीं. लाख ही ठिसूळ वस्तु आहे, ती केव्हांतरी फुटणारच; नोंद असली तर निदान कशाचा शोक करावयाचा तें तरी कळतें, आणि दुसरी प्रत कोठें धुंडाळावयाची तेंहि. ज्यांच्या संग्रहीं अशा तबकड्या असतील त्यांनीं आपल्या नोंदी मंडळाकडे पाठविण्याची कृपा करावी, अशी विनंती आहे.