क्रोशाचे जोडचौकोनी दुपटे
लोकरीचे छोटे चौकोन क्रोशाच्या सुईने विणून, ते एकमेकांना जोडून केलेले तान्ह्या बाळाचे पांघरूण. अशा चौकोनाची छापील कृती अमेरिकेत 1885 मध्ये ‘प्रेअरी फार्मर’ या नियतकालिकात आली होती. साखळीच्या लहान कड्यात तीन-तीन खांबांचे चार गट घालून विणकाम सुरू होते. पुढे कोपऱ्यांत दोन-दोन गट येतात आणि प्रत्येक फेरीत चार गट वाढतात. उरलेल्या लोकरीची सोय म्हणून या प्रकाराकडे पाहिले जाते, पण त्याचा खरा कस जोडात लागतो. दहा सेंटिमीटरचे 64 चौकोन आठ-आठच्या ओळींत मांडले, तर त्यांत 112 जोड येतात, म्हणजे अकरा मीटरहून लांब शिवण. ती आवळली तर दुपटे आक्रसते, सैल राहिली तर फटी पडतात.

सलग विणलेल्या दुपट्याला ही कटकट नाही, हा आक्षेप रास्तच आहे. चार रंगांच्या एका चौकोनात धाग्याची आठ टोके उरतात, 64 चौकोनांत 512. तरीही सुटा चौकोन मांडीवर मावतो, चुकला तर तेवढाच उसवता येतो, आणि पुढे विरला तर नवा बसवता येतो. जाळीत बाळाची बोटे अडकतात, हा आक्षेप अधिक गंभीर. त्यावर उपाय विणीतच आहे: एकाच घरात पाच खांब घालून ते वर एकत्र मिटले की टपोरा उंचवटा उठतो, असे उंचवटे जवळजवळ घेतले की भोके बुजतात आणि स्पर्शाला उठावही मिळतो. टोके मात्र उलटसुलट ओवूनच कापावीत. वर्षाच्या आतल्या झोपलेल्या बाळावर सुटे पांघरूण नको, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात; तेव्हा हे दुपटे जागेपणी, मांडीवर किंवा बाबागाडीत नजरेसमोर वापरावे.