तिकीट चॉकलेटचे, निकाल फार्दिंगचा

बार्सिलोनाच्या जुन्या शहरात, संत ऑगस्टीनच्या एकेकाळच्या मठाच्या वास्तूत, चॉकलेटचे एक छोटेखानी संग्रहालय आहे. तेथील पेस्ट्री कारागिरांच्या संघाने ते २००० मध्ये उभारले. प्रवेशाचे तिकीट म्हणजे चक्क चॉकलेटची वडी! पाहणी पूर्ण होण्याआधी ते पोटात जाण्याचीच शक्यता अधिक. आत चॉकलेटमध्ये घडवलेली शिल्पे आहेत, जुनी यंत्रे आहेत आणि कोकोचा मेसोअमेरिकेपासून युरोपपर्यंतचा प्रवास आहे.

हा प्रवास जगभरच्या चॉकलेट-संग्रहालयांत साधारण एकाच क्रमाने येतो. माया आणि अझ्टेक लोकांचे फेसाळ, कडवट पेय. नाणे म्हणून चालणाऱ्या कोकोच्या बिया. मग स्पॅनिश दरबार. १८२८ चे व्हॅन हौटेन यांचे पेटंट, १८४७ ची फ्राय कंपनीची खाण्याची वडी, १८७० च्या दशकातील स्विस दूध-चॉकलेट. शोधकांची नावे सुटत नाहीत. मात्र एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातील कारखान्यांना एवढा कोको पुरवला कोणी, हा प्रश्न अटलांटिकच्या दुसऱ्या काठावर नेतो.

स्पेनकडे गिनीच्या आखातात फर्नांदो पो हे बेट होते. त्याच आखातात पोर्तुगालची साओ टोमे आणि प्रिन्सिपे ही बेटे. विसाव्या शतकाच्या आरंभी ही इवलीशी बेटे जगातील आघाडीच्या कोको-उत्पादकांत गणली जात.

पोर्तुगीज साम्राज्यात गुलामगिरी १८७० च्या दशकातच कायद्याने संपली होती. त्यानंतर बेटांवर आले ते ‘करारबद्ध मजूर’. अंगोलाच्या अंतर्भागातून माणसे विकत घ्यायची, पायी किनाऱ्यापर्यंत हाकायची, अधिकाऱ्यासमोर पाच वर्षांच्या करारावर नोंद करायची आणि जहाजात चढवायची, अशी ही पद्धत. आपल्याकडचे गिरमिटिया इथे सहज आठवतात. पण फिजी वा मॉरिशसहून हजारो गिरमिटिया परतले तरी. साओ टोमेहून अंगोलात परतलेला मजूर जवळजवळ सापडत नसे. मुदत संपली की करार आपोआप वाढे.

१९०१ मध्ये विल्यम कॅडबरी यांच्या हाती साओ टोमेच्या एका मळ्याच्या विक्रीचा कागद आला. मालमत्तेच्या यादीत एक नोंद होती: २०० कृष्णवर्णीय मजूर, किंमत ३,५५५ पौंड. मजुरीची किंमत नव्हे, मजुरांची.

कॅडबरी घराणे क्वेकर पंथाचे. गुलामगिरीविरोधी चळवळ ही त्या पंथाची पिढीजात ओळख. बर्मिंगहॅमजवळ बोर्नव्हिल येथे त्यांनी वसवलेली टुमदार वसाहत आदर्श म्हणून नावाजलेली. त्यांच्या कोकोचा मोठा हिस्सा साओ टोमेचाच होता. खरेदी थांबली नाही. चौकशी सुरू झाली.

पत्रकार हेन्री नेव्हिन्सन १९०४-०५ मध्ये अंगोला आणि बेटे पाहून आला आणि १९०६ च्या पुस्तकात त्याने या व्यवस्थेला आधुनिक गुलामगिरी म्हटले. कंपनीने जोसेफ बर्टला पाठवले, तेही आधी पोर्तुगीज शिकवून. तो १९०७ मध्ये परतला आणि त्याचा निष्कर्षही फारसा वेगळा नव्हता. ब्रिटिश परराष्ट्र खात्याचा सल्ला सबुरीचा. ग्राहक राहिलो तरच पोर्तुगालवर वजन राहील, ही कंपनीची भूमिका. हा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता, पण त्याच्या आडोशाने आठ वर्षे गेली.

सप्टेंबर १९०८ मध्ये ‘स्टँडर्ड’ या लंडनच्या वृत्तपत्राने अग्रलेखात कॅडबरींवर दांभिकपणाचा आरोप केला. त्यामागे राजकारणही होते. जॉर्ज कॅडबरी यांच्या मालकीचे ‘डेली न्यूज’ दक्षिण आफ्रिकेच्या खाणींतील चिनी मजुरांच्या प्रश्नावर विरोधकांना झोडपत असे. कंपनीने बदनामीचा खटला भरला. मार्च १९०९ मध्ये कॅडबरी, फ्राय आणि राउंट्री यांनी साओ टोमेचा कोको घेणे थांबवले. वर्षअखेरीस खटला बर्मिंगहॅममध्ये उभा राहिला.

‘स्टँडर्ड’चे वकील होते एडवर्ड कार्सन, ऑस्कर वाइल्डची उलटतपासणी घेणारे तेच. मजुरांची स्थिती कळल्यानंतरच्या वर्षांत कंपनीने सुमारे १३ लाख पौंडांचा कोको तिथून घेतला होता. कार्सन यांनी या आकड्यावरच बोट ठेवले.

ज्यूरीने कौल कॅडबरींच्या बाजूने दिला. नुकसानभरपाई ठरली एक फार्दिंग, म्हणजे पेनीचा चौथा हिस्सा. एका पौंडात ९६० फार्दिंग. कायद्याने खटला जिंकला होता. रकमेने ज्यूरीने आपले मत सांगितले होते.

पुढे कोकोचे केंद्र गोल्ड कोस्टकडे, म्हणजे आजच्या घानाकडे सरकले. तिथे पीक होते छोट्या आफ्रिकी शेतकऱ्यांच्या हाती. १९११ पर्यंत तो जगातील सर्वांत मोठा उत्पादक झाला. कंपनी १९४८ मध्ये मुंबईत आली आणि तिचे नाव मराठी घरांत चॉकलेटचे सामान्यनामच होऊन बसले. ठाण्यात तर त्या नावाचा चौकही आहे.

२००१ मध्ये हार्किन-एंगेल करारावर बड्या चॉकलेट कंपन्यांनी सह्या केल्या. विषय होता पश्चिम आफ्रिकेतील कोकोच्या शेतांवरील बालमजुरी. मुदत २००५ ची होती. ती टळली, मग पुढे ढकलली गेली.