रायफल नेमबाजीतील शरीरस्थिती

लांब पल्ल्याच्या नेमबाजीत रायफल स्थिर राहावी म्हणून नेमबाज शरीराची जी मांडणी करतो, तिला शरीरस्थिती किंवा पवित्रा म्हणतात. ५० मी. स्पर्धेतील लक्ष्याचे दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम १०.४ मिमी. व्यासाचे असते. पुढची माशी मागच्या दर्शकछिद्रापासून ८० सेंमी. दूर असेल आणि ती ०.१ मिमी. हलली, तर ५० मी. अंतरावर गोळी सुमारे ६ मिमी. सरकते.

रायफलचा भार स्नायूंऐवजी हाडांनी पेलावा, हे सर्वांत महत्त्वाचे तत्त्व होय. ताणलेला स्नायू थकतो आणि थरथरतो. पालथ्या स्थितीत डावे कोपर (उजव्या हाताच्या नेमबाजाचे) रायफलखाली येते आणि दंडाचा पट्टा भार घेतो. गुडघा टेकलेल्या स्थितीतही पट्टा चालतो. उभ्या स्थितीत मात्र नियमाने मनाई असल्याने कोपर कमरेच्या हाडावर टेकवतात. उभी स्थिती निःसंशय सर्वांत अवघड.

नवशिके हमखास दुर्लक्ष करतात ते नैसर्गिक रोखाकडे, म्हणजे शरीर सैल असताना रायफल आपसूक जिकडे रोखली जाते त्या दिशेकडे. नेम धरून डोळे मिटावेत, श्वास सोडावा, मग डोळे उघडावेत. रोख ढळलेला दिसल्यास हातांनी रायफल न ओढता संपूर्ण शरीर किंचित फिरवावे. ओढून जुळवलेला नेम चाप दाबताना मूळ दिशेकडे परततो. श्वास सोडल्यानंतरच्या स्वाभाविक विरामात चाप हळुवार दाबतात. विराम लांबल्यास नजर मंदावते, म्हणून नेम सोडून पुन्हा सुरुवात करणे इष्ट.

कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मी. थ्री पोझिशन या वरील तिन्ही स्थितींच्या प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक मिळवले.