सायकल, दक्षिण महाराष्ट्रातील

पायांच्या बळावर चालणारे आणि एकामागे एक अशी दोन चाके असलेले वाहन म्हणजे सायकल. जुन्या मराठी लेखनात तिला पायगाडी असेही म्हटलेले आढळते. सातारा व सांगली या जिल्ह्यांत सायकलीचा प्रसार मुख्यतः विसाव्या शतकात झाला. तथापि येथील सायकलीचा इतिहास हा केवळ दळणवळणाचा इतिहास नव्हे. मोट, रहाट, गाडा ही साधने सुताराच्या व लोहाराच्या हातची होती. प्रमाणित मापाचे सुटे भाग, छर्ऱ्यांवर फिरणारे चाक आणि साखळीने होणारे शक्तीचे प्रेषण या गोष्टी मात्र गावोगावी प्रथम सायकलीबरोबर पोहोचल्या. शिवणयंत्राचा अपवाद सोडल्यास सामान्य माणसाने स्वतः खोलून, पुसून पुन्हा जोडलेले पहिले यंत्र बहुधा सायकल हेच असावे.

सायकलीचा मूळ विकास यूरोपात झाला. कार्ल ड्राइस या जर्मन गृहस्थाने १८१७ मध्ये जमिनीला पायाने रेटा देऊन चालवावयाची दुचाकी तयार केली. १८६० नंतरच्या दशकात फ्रान्समध्ये पुढच्या चाकाला पायटे बसविण्यात आले. त्यानंतर पुढचे चाक अतिशय मोठे व मागचे लहान असलेली उंच सायकल काही वर्षे प्रचारात होती. तिच्यावरून पडणे जिवावर बेतत असे. जॉन केंप स्टार्ली यांनी १८८५ मध्ये इंग्लंडमध्ये तयार केलेल्या सायकलीत दोन्ही चाके जवळजवळ सारख्या आकाराची होती आणि साखळीने मागचे चाक फिरत असे. १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉप यांनी हवा भरलेल्या रबरी टायरचे एकस्व घेतले. आजची साधी सायकल तत्त्वतः हीच आहे.

याच सुमारास सायकलीने या प्रदेशाच्या औद्योगिक इतिहासात प्रवेश केला. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) हे मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक होते. ते मुंबईत सायकली विकत घेऊन बेळगावला आपले बंधू रामूअण्णा यांच्याकडे पाठवीत. रामूअण्णा त्या विकत, दुरुस्त करीत आणि हौशी मंडळींना सायकल चालविण्यास फी घेऊन शिकवीत. किर्लोस्कर उद्योगाचा प्रारंभ या दुकानापासून, म्हणजे १८८८ पासून, मानण्याचा प्रघात आहे. बढतीच्या बाबतीत अन्याय झाल्यामुळे लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि बेळगावला येऊन बंधूंसह ते पूर्णवेळ धंद्यात पडले. सायकल त्या वेळी श्रीमंतांची व अधिकाऱ्यांची वस्तू होती, त्यामुळे या व्यापाराला मर्यादा होत्या. तेथून ते कडबा कापण्याच्या यंत्राकडे व नंतर लोखंडी नांगराकडे वळले. पहिला नांगर १९०३ मध्ये तयार झाला. परंतु लोखंडाने जमीन नासते या समजुतीमुळे त्याला सुमारे दोन वर्षे गिऱ्हाईक मिळाले नाही. पुढे बेळगावातील जागा सोडावी लागल्यावर औंध संस्थानच्या अधिपतींनी कुंडल रोड स्थानकानजीक जमीन दिली आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. हे स्थळ आज सांगली जिल्ह्यात आहे. सायकलीच्या दुकानातून थेट नांगर निघाला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. मात्र आयात केलेल्या यंत्राचा झिजलेला भाग बदलून ते चालू ठेवण्याची सवय आणि गिऱ्हाइकाला यंत्र वापरावयास शिकविण्याची पद्धत या दोन्ही गोष्टी नांगराच्या व्यापारात तितक्याच उपयोगी पडणाऱ्या होत्या.

स्वातंत्र्यपूर्व काळात रॅले, हर्क्युलिस, बी. एस. ए. या ब्रिटिश सायकलींना मान होता. डॉक्टर, वकील, शिक्षक, तारवाले व पोस्टमन हे त्यांचे प्रमुख वापरकर्ते. १९२३ ते १९२८ या काळात मुंबईच्या तीन पारशी तरुणांनी सायकलवरून पृथ्वीप्रदक्षिणा केली, पण त्या कौतुकाचा रोजच्या वापराशी फारसा संबंध नव्हता. स्वातंत्र्यानंतर देशी कारखाने वाढले. मद्रासला टी. आय. सायकल्स (१९४९), सोनीपतला ॲटलास (१९५१), आसनसोलजवळ सेन-रॅले व लुधियानाला हीरो (१९५६) यांचे उत्पादन सुरू झाल्यावर सायकल कारकून, गिरणी-कामगार व लहान शेतकरी यांच्या आवाक्यात आली. लग्नात जावयाला सायकल देण्याची चाल याच काळातली. ती देण्यापायी वधूपित्यांना झालेले कर्जही त्याच हिशेबात धरले पाहिजे.

कुपवाड हे मूळचे मिरज तालुक्यातील खेडे. सांगली व मिरज या दोन शहरांच्या उत्तरेस ते दोहोंना जवळ असे वसले आहे. येथे औद्योगिक वसाहत झाल्यावर त्याचे स्वरूप पालटले आणि १९९८ मध्ये सांगली–मिरज–कुपवाड या नावाची संयुक्त महानगरपालिका स्थापन झाली. ही तीन गावे एकमेकांपासून पायी जाण्यास लांब, पण सायकलीने अर्ध्या-पाऊण तासात गाठता येण्याजोगी आहेत. प्रदेश बहुतांशी सपाट आहे. पाळीवर येणाऱ्या कामगाराला अशा ठिकाणी सायकल किती मोलाची, हे सांगावयास नको. पायी चालणारा तासाला सुमारे ५ किमी. जातो, तेवढ्याच श्रमात साधी सायकल १२ ते १५ किमी. नेते. घर कोणत्या गावात असावे व नोकरी कोणत्या गावात करावी, याची निवड या फरकावर अवलंबून असे. बसच्या वेळा पाळीच्या वेळांशी जुळतीलच असे नाही. रात्रपाळी संपवून निघणाऱ्याला सायकलखेरीज स्वस्त सोय नव्हती.

ज्यांना सायकल विकत घेणे परवडत नसे, ते ती तासाच्या भाड्याने घेत. वहीत नाव व वेळ लिहून दुकानदार सायकल देई. मुले याच भाड्याच्या, मोठ्या मापाच्या सायकलींवर शिकली. सीटवर बसून पाय पोहोचत नसत. तेव्हा मधल्या दांडीखालच्या त्रिकोणातून उजवा पाय पलीकडे घालून अर्धे अर्धे पेडल मारावयाचे, ही रीत महाराष्ट्रात सर्वत्र होती. उशीर झाल्यास पुढच्या तासाचे भाडे पडे, म्हणून गुडघा फुटला तरी सायकल वेळेवर परत नेण्याकडे लक्ष असे.

दुरुस्ती : भाड्याने सायकली देणारे दुकान हेच सहसा दुरुस्तीचेही दुकान असे. झाडाखालची पेटी, पाण्याने भरलेले घमेले, हवेचा पंप, पाने, हातोडी आणि जुन्या ट्यूबांचा ढीग एवढ्यावर त्याचा आरंभ होई. या भागात बाभूळ विपुल असल्याने काट्याचे पंक्चर हे सर्वांत नेहमीचे काम होय. टायरची एक कड रिमबाहेर काढून ट्यूब ओढतात, तिच्यात हवा भरून ती पाण्यात धरतात आणि बुडबुडे येतील ती जागा हेरतात. ती घासून, सोल्यूशन लावून, किंचित सुकू दिल्यावर जुन्या ट्यूबचा कापलेला तुकडा चिकटवितात व ठोकतात. यानंतर टायरच्या आतून बोट फिरवून काट्याचे टोक शोधणे, ही खरी कसोटीची पायरी. ती गाळणाऱ्या कारागिराकडे तेच गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी पुन्हा येते. टायर फाटला असेल, तर आतून जुन्या टायरचा तुकडा, म्हणजे ‘गेटर’, घालून तो आणखी काही महिने चालवितात.

वर्षातून एकदा, विशेषतः पावसाळा संपल्यावर, सायकल पूर्ण खोलून साफ करण्याची पद्धत आहे. मूळ इंग्रजी शब्दाचे रूपांतर होऊन दुकानांत याला ‘ओव्हरऑइलिंग’ म्हणतात. तेल देणे हा या कामाचाच भाग असल्याने हा अपभ्रंश अर्थाला धरून झाला, असे म्हणता येईल. पुढच्या व मागच्या चाकाचे आस, पायट्यांमधला आस आणि हँडलचा सांधा हे भाग उघडून रॉकेलने धुतात. झिजलेले छर्रे एकेकटे न बदलता सगळा संच बदलणे योग्य, कारण कमीजास्त मापाच्या छर्ऱ्यांवर भार सारखा पडत नाही आणि कोन लवकर खातो. नवे छर्रे ग्रीसमध्ये बसवून कोन इतका आवळावयाचा, की चाक मोकळे फिरावे, पण आडवे हलू नये. हे माप हातालाच कळते. चाकाचा ‘आउट काढणे’ हे त्याहून नाजूक काम आहे. रिम ज्या बाजूला झुकली असेल, तिच्या विरुद्ध बाजूच्या तारा आवळाव्या लागतात व झुकलेल्या बाजूच्या सैल कराव्या लागतात. उतावळेपणा केल्यास एक बाक निघून दुसरीकडे दोन पडतात. अशा दुकानांत शागिर्दी केलेली मुले पुढे मोटारसायकल दुरुस्ती, वेल्डिंग किंवा कारखान्यातील जोडारीकडे वळत. त्यांच्या शिक्षणाची नोंद कोणत्याही प्रमाणपत्रात नसते.

उपसाधने : सायकलीवरील जादा साधनांपैकी दिवा सर्वांत महत्त्वाचा. आरंभी रॉकेलचे, नंतर कार्बाइडवर पाणी ठिबकून निघणाऱ्या वायूवर जळणारे दिवे असत. त्यांची जागा डायनॅमोने घेतली. टायरच्या कडेला टेकून फिरणारे हे लहानसे जनित्र सामान्यतः ६ व्होल्ट व ३ वॉट इतकी शक्ती देते. त्यामुळे पेडल जड होते, ओल्या टायरवरून ते घसरते आणि सायकल थांबताच दिवा विझतो. म्हणजे चौकात उभे असताना, जेव्हा दिसणे सर्वांत गरजेचे, तेव्हाच स्वार अंधारात राहतो. विनादिव्याची सायकल व ‘डबल सीट’ हे पोलिसांचे ठरलेले गुन्हे होते. अनेक नगरपालिका सायकलीवर वार्षिक कर घेत आणि तो भरल्याची खूण म्हणून धातूचा बिल्ला देत. मागच्या चाकावरील जाळी व साखळीवरील पत्र्याचे आवरण यांमुळे नऊवारी वा पाचवारी नेसणाऱ्या स्त्रियांना सायकल वापरणे शक्य झाले. ही साधी जाळी अनेक शिक्षिका व परिचारिका यांच्या नोकरीला उपकारक ठरली. गवळी कॅरिअरच्या दोन्ही बाजूंना किटल्या अडकवून दूध नेत. धारवाले तर सायकल स्टँडवर उभी करून पेडल मारीत आणि त्या गतीवर सहाण फिरवीत.

ऋतुमान : थंड देशांत हिवाळ्यात बर्फामुळे सायकल अडते, कृष्णाकाठी ती पावसाळ्यात अडते. काळ्या जमिनीचा चिखल टायर व मडगार्ड यांमध्ये दाटून बसला, की चाक फिरेनासे होते. मग काडीने तो उकरीत किंवा सायकल खांद्यावर घेऊन जावे लागते. लोखंडी रिम ओली झाल्यावर ब्रेकची पकड बरीच कमी होते. वारा पश्चिमेकडून वाहत असल्याने मिरजेहून सांगलीकडे जाणाऱ्याला तो तोंडावर येतो. कृष्णेचा पूर मोठा असेल, तर रस्तेच पाण्याखाली जातात. २००५, २०१९ व २०२१ या वर्षी तसे घडले.

हिवाळा हा त्या मानाने सायकलीचा खरा हंगाम होय. रस्ते कोरडे असतात, ऊन सोसवते आणि थंडी अंगात ऊब येईपर्यंतच जाणवते. पहाटपाळीला निघणारे कामगार माकडटोपी किंवा मफलर बांधून, हँडल आळीपाळीने एका हाताने धरून दुसरा हात खिशात ऊबवीत जातात. हवा गार झाल्याने टायरमधील दाब थोडा उतरतो व सोल्यूशन सुकण्यास अधिक वेळ लागतो. परंतु या ऋतूतील धोका थंडीचा नाही. हाच उसाच्या गाळपाचा काळ आहे. नदीकाठी पहाटे धुके दाटते, आणि त्याच वेळी साखर कारखान्यांकडे जाणाऱ्या बैलगाड्यांच्या व ट्रॅक्टरांच्या रांगा रस्त्यावर असतात. पूर्वी गाडीच्या आसाखाली कंदील टांगलेला असे. ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील या कामी प्रसिद्ध होता. दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरला मागे दिवा नसला, तर अंधुक दिव्याच्या सायकलस्वाराला उसाच्या मोळ्या अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाहीत. मागून येणाऱ्या ट्रकला तो स्वतःही दिसत नाही. मडगार्डवरचा हातभर पांढरा पट्टा आणि तांबडा परावर्तक ही या परिस्थितीतली सर्वांत स्वस्त साधने होत, आणि खेदाची गोष्ट अशी, की काटकसर प्रथम त्यांतच केली जाते.

पुण्यात तयार झालेली ल्यूना ही हलकी दुचाकी १९७२ मध्ये बाजारात आली आणि कामगाराचा सायकलीकडून इंजिनाकडे प्रवास सुरू झाला. पुढे मोटारसायकली स्वस्त झाल्या, कर्जाने मिळू लागल्या. तरीही २०११ च्या जनगणनेनुसार भारतातील सुमारे ४५ टक्के कुटुंबांकडे सायकल होती. इंजिनाची दुचाकी असलेली कुटुंबे २१ टक्के होती. महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमाखाली मागास तालुक्यांतील शाळकरी मुलींना सायकली देण्यात आल्या. शहरांत गिअरच्या सायकली घेऊन पहाटे व्यायामासाठी निघणारा नवा वर्ग दिसतो. त्यांची दुरुस्ती झाडाखालच्या पेटीत होत नाही. त्यांना निराळी हत्यारे व निराळे सुटे भाग लागतात.

जुन्या सायकली मात्र भंगारात गेल्याच असे नाही. महाराष्ट्रात अनेक ठिकाणी शेतकरी जुन्या सायकलीचे पुढचे चाक, हँडल व सांगाड्याचा तुकडा गावातल्या वेल्डिंगच्या दुकानात नेतात आणि त्याला कोळप्याची पास जोडून घेतात. या ‘सायकल कोळप्या’ने भुईमूग, सोयाबीन यांच्या ओळींमधील तण एकटा माणूस ढकलत काढू शकतो, त्याला बैलजोडी लागत नाही. चाकात हवा भरण्याची गरज नसल्याने टायर काढून नुसती रिमच ठेवण्याची पद्धत आढळते.