मधल्या वळणावरचं बक्षीस

पुरस्कार म्हटला की मला शाल, श्रीफळ आणि पिकलेले केस आठवतात. म्हणून लेमेल्सन-एमआयटी पुरस्काराचं अप्रूप वाटतं. १९९५ ते २०१९ या काळात तो अमेरिकेत दिला गेला. तब्बल ५ लाख डॉलर, तेही कारकिर्दीच्या मध्यावरच्या संशोधकाला. म्हणजे हातून अजून बरंच व्हायचं असताना!

२०१६ मध्ये तो आपल्या नाशिकच्या रमेश रासकरांना मिळाला. सेकंदाला लाख कोटी चित्रांच्या वेगानं प्रकाशाचा प्रवास टिपणारा कॅमेरा त्यांच्या गटानं एमआयटीत बनवला. मला मात्र त्यांचं दुसरं काम जास्त भावतं: मोबाइलला जोडून चष्म्याचा नंबर काढणारं स्वस्त उपकरण.

पण हा पैसा आला कुठून? जेरोम लेमेल्सन यांच्या नावावर ६०० हून अधिक पेटंटं. त्यांनी आणि पत्नी डोरोथी यांनी १९९४ मध्ये हा पुरस्कार स्थापला. गंमत बघा, त्यांचे काही मूळ अर्ज १९५४ आणि १९५६ चे. त्यांतली पेटंटं कित्येक वर्षांनी हाती आली, तोवर बारकोड वाचणारी यंत्रं दुकानोदुकानी पोचलेली. मग कंपन्यांकडून रॉयल्टीची वसुली! लेमेल्सन १९९७ मध्ये वारले. २००४ मध्ये नेवाडाच्या न्यायालयानं हा उशीर अवाजवी ठरवला आणि ती पेटंटं निरुपयोगी झाली. २००५ मध्ये अपिलातही तेच.

निकाल योग्यच होता, असं माझं मत. पण एकट्यादुकट्या संशोधकाला कंपन्या दाद देत नाहीत, हे लेमेल्सनचं दुखणंही खोटं नव्हतं.